नऊशे रुपयांची नाव

ये, इकडे जवळ ये. एक पाय दारात नि एक बाहेर ठेवून कोणी माणसाची गोष्ट ऐकतं का? चपला काढ. पिशवी खाली ठेव. तुम्हा आजकालच्या पोरींना बसताच येत नाही बाई, बसलात तरी डोळा घड्याळाकडे. चार महिन्यांनी तोंड दाखवतेस नि वर विचारतेस, "ते नाववाले काका कोण होते?" असं उभ्या उभ्या सांगण्यासारखे नव्हते ते. बस.

ते आमचे घरमालक. धरमपेठेत त्यांचं बसकं, कौलारू घर होतं, त्यातल्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मी उमरेडची, विणकराच्या घरची. लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा शहराचं मला फार भय वाटायचं. पहिल्याच सकाळी अंगणात आले तर पुढच्या बाजूच्या छोट्या गच्चीवर एक उंच, सुकलेला म्हातारा उभा. अंगावर धोतर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, नि एक बोट तोंडात घालून ओलं करून आभाळाकडे धरलेलं. मला वाटलं, झालं, वेड्याच्या घरात येऊन पडले. तेवढ्यात वरून आवाज आला, "सूनबाई, आज पश्चिमेचा वारा आहे. चादरी तिकडच्या तारेवर टाका, दोन तासांत वाळते!" आणि खरंच वाळल्या हो.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण रिटायर व्हायच्या आधी तीन वर्षं, ऑफिस सुटल्यावर रोज संध्याकाळी बसून त्यांनी स्वतःच्या हाताने एक शिडाची नाव बांधली. चांद्याचं सागवान, पितळेचे स्क्रू, मिलच्या जाड दोसुती कापडाचं शीड. कुठल्याशा लायब्ररीतल्या इंग्रजी पुस्तकातली चित्रं पाहून. मी एकदा विचारलं, "काका, नागपुरात नाव काहून?" तर म्हणाले, "आयुष्यभर पाणी अडवाचे नकाशे काढले वं. म्हटलं, पाण्यावर चालनारी एक तरी वस्तू करून पाहू."

चार-पाच वर्षं ती नाव अंबाझरी तलावावर चालली. मग काकांच्या गुडघ्यांना तिच्यातली चढउतर जमेना. काकू तिच्यात पाय ठेवायला तयार नव्हत्या. त्या म्हणायच्या, "माझ्या अंगावर सोनं नाही तेवढं पितळ आहे त्या बयेच्या अंगावर." तेव्हापासून नाव घराच्या बाजूच्या पडवीत, दोन लाकडी घोड्यांवर, ताडपत्री पांघरून पडलेली. सोळा फूट. पडवीत दुसरं काही म्हणून मावायचं नाही. आणि फाटकावर पाटी. काकांच्या नकाशातल्या अक्षरात, एकेक अक्षर पट्टीने आखलेलं: "शिडाची नाव विकणे आहे. किंमत रुपये नऊशे. घासाघीस करू नये."

हा नऊशेचा आकडा आला कुठून ते काका कोणालाही सांगायला तयार असायचे. ऐकणारा पळेपर्यंत सांगायचे. लाकूड इतक्याचं, पितळ इतक्याचं, आणि तीन वर्षांच्या संध्याकाळी, एका संध्याकाळचे आठ आणे. "आठ आणे म्हंजे मी माझी मजुरी कमीच लावली." कोणी म्हणालं, काका, जुनी वस्तू आहे, किंमत उतरणार, की काकांचा पारा चढायचा. ते दिवस कसे होते माहीत आहे ना, स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे आणि वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकायची. काका शेजारच्यांच्या स्कूटरकडे बोट दाखवून म्हणायचे, "त्या डब्याले जुना झाल्यावर जास्त भेटते. घर जुनं झालं, किंमत वाढली. सोनं जुनं झालं, वाढली. मंग माझ्या नावेनंच काय पाप केलं?"

"स्कूटर घेऊन ऑफिसले जाता येते," काकू आतून म्हणायच्या. "नाव घेऊन कुठी जाता? भाजी आणाले?"

गिऱ्हाइकं यायची. पण कसली? एक गवळी आला, त्याला म्हशींना पाणी पाजायला हौद हवा होता. पंचाहत्तर देतो म्हणाला. एक हेडमास्तर आले, गॅदरिंगच्या नाटकासाठी तीन दिवस भाड्याने द्याल का विचारत. तलावावरचा शिंगाडेवाला आला, नावेभोवती दोन चकरा मारल्या, एक कड उचलून पाहिली नि म्हणाला, "काकाजी, हा डोंगा नाही, घर आहे. याले ढकलाले बारात लागन." ते मात्र खरं होतं. काकांनी धरणाच्या हिशेबाने नाव बांधलेली. जिथे पाऊण इंचाची फळी पुरे तिथे दीड इंचाची. "फुटली नाही पाहिजे," म्हणायचे. फुटली नाही कधी. चालायची पण नाही फारशी.

प्रत्येक गिऱ्हाईक गेलं की काका पडवी ते फाटक, फाटक ते पडवी असे फिरत राहायचे. ताडपत्री काढायचे, हात फिरवायचे, पुन्हा पांघरायचे. रात्री जेवताना ताटावरून उठून पाटी सरळ करून यायचे. त्या माणसाला स्वस्थ असं मी पाहिलंच नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्या वर्षी मीही स्वस्थ नव्हते.

त्याचं असं झालं की माझे बाबा गेले. उमरेडच्या घरात त्यांचा माग होता. त्याच्याजवळ बसून मी लहानपणी सुताच्या कांड्या भरल्या, त्यावरच विणायला शिकले. शाळा मला दोन इयत्ता. जे काय डोक्यात आलं ते त्या मागावर बसून आलं. माझ्या भावाने तिथे पिठाची चक्की टाकायचं ठरवलं. मला निरोप आला, दिवाळीच्या आत माग उचल. आम्ही दोघं उमरेडला गेलो, मी विचारलं, नाही उचलला तर? दादा म्हणाला, "लाकूडवाला चाळीस देऊन राहिला जळणाचे."

"चाळीस? अरे, बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेला माग आहे तो! दोनशेला मागितला तरी मी देणार नाही."

"तुले दोनशे कोण देऊन राहिला, त्याचं नाव तं सांग," दादा म्हणाला.

आमचे हे बाजूला बसून चहा पीत होते. हसून म्हणाले, "झालं. घरात दुसरे काका तयार झाले."

पण माग आणायचा कुठे? आमच्या खोल्या एवढ्याशा. जागा एकच होती, ती पडवी. मी काकांकडे गेले. ते म्हणाले, "पडवी तुझीच सूनबाई, भाडं पण नको. नाव गेली की दुसऱ्या दिवशी माग लाव." म्हणजे बघ, कसं अडकलं ते. नाव गेल्याशिवाय माग येणार नाही, नि नऊशे आल्याशिवाय नाव जाणार नाही.

दिवाळीला तीन आठवडे असताना खरं गिऱ्हाईक आलं. उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीवर बदलून आलेला एक तरुण इंजिनिअर, मूळचा कोकणातला, लहानपणापासून शिडाच्या होड्यांत बसलेला. त्याने ताडपत्री काढली. नावेच्या आत उतरून आडवा झाला, खालचे सांधे पाहिले, मग बाहेर येऊन काकांच्या पायाच पडला. "काका, समुद्र न बघता तुम्ही हे केलंत?" काका लाजले. एवढा मोठा माणूस, कान लाल झाले त्यांचे.

तो म्हणाला, "नऊशे नाही जमायचे मला. पण पाण्यावर घालून पाहू. शीड धड असेल तर सातशेपर्यंत येतो."

काका "नऊशे" म्हणाले, पण पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. मला वाटलं, जमतं. रविवारी तलावावर न्यायचं ठरलं.

आता माझा शहाणपणा ऐक. काका पेन्शन आणायला गेले होते तेव्हा मी ते शीड बाहेर काढलं. बोटांत धरलं नि मला कळलं. सुताच्या घरची मी, मला कळणारच. पडवीत ऊन-पाऊस खाऊन सूत मेलेलं होतं. अंगठ्याने दाबलं की मऊ, पोकळ. म्हटलं, हे पाहून तो सातशेचे चारशे करणार. आमच्याकडे ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवायच्या आधी खळ देतात, त्याने सुतात दम येतो. आणि लुगडं बाजारात जायचं असेल तर शेवटचा हातही खळीचाच. लुळं कापड गिऱ्हाइकापुढे ठेवायचं नाही, असं बाबांनी शिकवलेलं. तर मी काकूंच्या मोठ्या गंजात तांदळाची दाट खळ शिजवली आणि सगळं शीड त्यातून काढलं. दोन कडुलिंबांच्या मध्ये ताणून वाळवलं. काय सांगू, कोरं करकरीत दिसायला लागलं! छिद्रं बुजली, पांढरं झालं, हात लावला तर पत्र्यासारखं वाजलं. मी खूश. काकांना सांगितलंही नाही.

रविवारी बैलगाडीवर नाव चढवायला आठ माणसं लागली. तलावावर गर्दी जमली. शीड वर चढलं ते कडकड आवाज करत, मोठा पापड मोडावा तसं. इंजिनिअर म्हणाला, "वा काका! शीड तर नवंच आहे की!"

काकांनी शिडाकडे पाहिलं. त्यांनीच शिवलेलं ना ते, टाका न टाका ओळखीचा. मग काठावर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. दोघं नावेत बसले नि वाऱ्यावर निघाले.

पंधरा-वीस मिनिटं चांगली गेली. नाव जड, हळूहळू जात होती, पण जात होती. काका सुकाणूवर पाठ सरळ करून बसले होते. काकू माझ्या शेजारी उभ्या, म्हणाल्या, "पाह्य वं, पाय हलत नाही त्यांचा." मग तलावाच्या मध्यावर वारा जोराचा आला. शिडातून पांढरा भुगा पडायला लागला. इंजिनिअरच्या निळ्या पँटवर, मिशांवर, सगळीकडे. तो हात झटकून वर पाहतो न पाहतो तोच फर्रर्र, काठापर्यंत ऐकू आलं. वरपासून खालपर्यंत शीड उभं फाटलं. वल्ही मारत परत यायला त्यांना पाऊण तास लागला.

इंजिनिअर बिचारा सभ्य. कपडे झटकत म्हणाला, "काका, बांधणी नंबर एक. पण फार जड आहे, आणि शीड नवं करावं लागेल. पाचशे देतो. आज, आत्ता."

काठावरचे सगळे काकांकडे पाहायला लागले. मी मनात म्हटलं, हो म्हणा, काका, हो म्हणा. आयुष्यात पुन्हा कोणी ही नाव चालवायला मागणार नाही.

"नऊशे," काका म्हणाले.

त्याने हात जोडले नि गेला.

परत येताना बैलगाडीच्या मागून आम्ही चालत होतो. काका म्हणाले, "खळ कशाची होती?"

"तांदळाची."

"मीठ टाकलं होतं?"

"नाही काका."

"मंग तलावाले चव आली नसन," म्हणाले नि पुढे चालायला लागले. त्याउपर त्या शिडाबद्दल त्यांनी मला एक शब्द ऐकवला नाही. काकूंनीच त्यांना ऐकवलं, रात्रभर. "पाचशे काय वाईट होते? पोरगा पाया पडला तुमच्या!" काका म्हणत राहिले, "पाया पडला म्हणून चारशे सोडून देऊ?" मला भिंतीपलीकडे सगळं ऐकू येत होतं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. दादा एस.टी.ने स्वतः आला, पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "बाई, सोमवारी चक्कीचा फिटर येऊन राहिला. रविवारपर्यंत माग नेला तं नेला. मंग मले बोल लावू नको." तो गेला आणि मला अन्न गोड लागेना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडवी दिसायची. ताडपत्रीखाली ती सोळा फुटांची बया आडवी पडलेली. मी तिला शिव्या द्यायचे. हो, लाकडाला. मनातल्या मनात.

शुक्रवारी सकाळी एक आरामशीनवाला, लाकूड कापायच्या कारखान्याचा मालक, आला. जाडजूड माणूस, गळ्यात रुमाल. त्याच्या कोण्या गिऱ्हाइकाचा बंगला उभा राहत होता. फाटकावरची पाटी वाचली, आत आला, नावेच्या फळीवर बोटाची पेरं वाजवली. नखाने कड खरवडून वास घेतला. "काकाजी, एकदम सूखी लकडी. दीड इंची! डेपोत आता असा माल येत नाही." खिशातून नोटा काढल्या नि नावेच्या कडेवर ठेवल्या. "नौशे. तुम्ही लिहिलं तेच. घासाघीस नाही."

काका म्हणाले, "चालवणार कुठी? तुमच्याकडे तलाव आहे?"

"चलाना काय, काकाजी? दरवाजे करतो. चौकटी."

काका नोटांकडे पाहत राहिले. सात वर्षं ज्या आकड्यासाठी त्यांनी गवळ्याला, शिंगाडेवाल्याला, त्या कोकणातल्या पोराला परत पाठवलं, तो आकडा पूर्ण, एक रुपया कमी न होता, समोर होता. पण ते पैसे जाड फळ्यांसाठी आले होते. ज्या जाडीने नाव चालली नाही त्याच जाडीचे. काका नावेभोवती एक चक्कर मारून आले. दुसरी मारली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. माझ्यापुढे येऊन थांबले.

"काय म्हणते वं सूनबाई? देऊ का?"

मी सुपातून मान वर केली आणि म्हटलं, "पाटीवर तुम्हीच लिहिलं ना काका, नऊशे."

असं म्हटलं. पटकन. रविवारला दोन दिवस होते.

काकांनी मान हलवली. आरामशीनवाल्याला म्हणाले, "एक गोष्ट आहे. हिला आरी लावायची नाही. मी खोलून देतो. उद्या संध्याकाळी फळ्या घेऊन जा." तो म्हणाला, मला काय, उलट बरंच. काकांनी धोतर खोचलं, डालड्याचा एक रिकामा डबा घेतला नि स्क्रू काढायला बसले. जो शेवटी लावला तो आधी. एकेक स्क्रू डब्यात टाकायचे, टण्ण. मी चुलीपुढे बसून ते ऐकत होते. शुक्रवार सगळा, शनिवार सगळा. काकूंनी तीनदा चहा नेऊन ठेवला, तीनदा गार झालेला परत आणला.

रविवारी दुपारी माझा माग ट्रकवर आला. आणि काका, तेच काका, पाणपातळीची बाटली घेऊन पडवीत हजर. खड्डा किती खोल, खांब किती सरळ, सगळं मोजून त्यांनी मला माग उभा करून दिला. बाबांनीही इतका सरळ लावला नव्हता. मी विणायला लागले. त्यावर मी नंतर पुष्कळ लुगडी विणली, पोरांच्या फिया त्यातून भरल्या, ते तुला माहीत आहे. पण काका त्या दिवसानंतर पडवीत आले नाहीत. पाटी काढून ठेवली. गच्चीवर जाणं बंद झालं. आम्ही चादरी मिळेल त्या तारेवर टाकायला लागलो. दिवसभर नुसते गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे.

पुढे तीन-चार वर्षांनी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, धंतोलीच्या दवाखान्यात. दुपारची मी डबा घेऊन जायचे, काकूंना तेवढीच झोप मिळायची. एकदा ते बऱ्यापैकी होते, उशीला टेकून बसले होते. खोलीत आम्ही दोघंच. मला इतक्या दिवसांचं आत खात होतं. मी विचारून टाकलं, "काका, त्या दिवशी मी 'नका देऊ' म्हटलं असतं तर?"

ते हसले. टाके दुखले म्हणून पोट धरून हसले. "तरी देली असती वं. पाटी माझी, शब्द माझा. मोडता थोडीच आला असता?"

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, "मग मला विचारलं कशाला?"

काकांनी पोटावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "विचारलं ते उत्तरासाठी नाही. मले वाटलं, तू पण जराशी थांबशील. तू लगेच बोलली."

मी डबा उघडला, भात कालवला नि त्यांच्या हातात दिला. ते जेवले.

त्यावर दोन वर्षांनी ते गेले, आपल्या घरी, झोपेत. त्या वेळी मात्र मला कोणी काही विचारलं नाही, नाहीतर मी जराशी थांबले असते.

बघ, तुझी बस राहिली. असू दे, दुसरी मिळेल. पण पुढच्या वेळी अशी दोन तासांसाठी येऊ नको हो. सणावाराची वाट पाहू नको, कोणाचं काही झालं म्हणून येऊ नको. एखादा साधा बुधवार पाहून ये, मुक्कामाला ये. मी काही इतक्यात कुठे जाणारी नाही, पण तू लवकर ये.